लीझ माइटनर : परदेशातील वास्तव्य आणि विज्ञान

प्रास्ताविक

चरित्रलेखात व्यक्तीच्या कर्तृत्वाची नोंद असते, तशीच ते कर्तृत्व ज्या परिस्थितीत घडले तिचीही नोंद असते. या घटकात आपण भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर (१८७८–१९६८) यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत. त्यांच्या प्रौढ आयुष्याचा बहुतांश काळ मायदेशाबाहेर गेला. प्रथम ज्ञानाच्या ओढीने त्या परदेशी गेल्या. पुढे जीव वाचविण्यासाठी त्यांना पुन्हा स्थलांतर करावे लागले. या दुसऱ्या स्थलांतरात प्रयोगशाळा, सहकारी आणि पद हे सर्व सुटले. तरीही विसाव्या शतकातील एका महत्त्वाच्या शोधाचा अर्थ त्यांनी त्याच काळात लावला, तोही नाताळच्या सुटीतील एका छोट्या प्रवासात. हे कसे घडले, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. जडणघडण

लीझ माइटनर यांचा जन्म ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. आठ भावंडांत लीझ तिसऱ्या. घरात पुस्तके आणि संगीत यांना मानाचे स्थान होते. त्यांची बहीण आउगुस्टे पियानोवादक झाली, आणि लीझ यांनाही संगीताची गोडी आयुष्यभर राहिली.

त्या काळी व्हिएन्नात मुलींचे सार्वजनिक शालेय शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. १८९७ मध्ये ऑस्ट्रियातील विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, परंतु त्यासाठी आवश्यक असलेली परीक्षा मुलांच्या शाळांतूनच दिली जाई. माइटनर यांनी खासगी शिकवणीच्या आधारे अनेक वर्षांचा अभ्यासक्रम थोड्या काळात पूर्ण केला आणि १९०१ मध्ये बाहेरून परीक्षा देऊन त्या उत्तीर्ण झाल्या. नियमित वर्गात न बसता, वयाच्या बाविसाव्या वर्षी विद्यापीठाचे दार उघडणारी ही विद्यार्थिनी मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना जवळची वाटेल. व्हिएन्ना विद्यापीठात लुडविग बोल्ट्झमान यांच्या व्याख्यानांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे कायमचे ओढून घेतले. १९०६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

२. बर्लिनमधील एकतीस वर्षे

१९०७ मध्ये माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी माइटनर बर्लिनला गेल्या. तेथे त्यांची ओटो हान या रसायनशास्त्रज्ञाशी भेट झाली आणि दोघांनी किरणोत्सारावर एकत्र काम सुरू केले. हान काम करीत असलेल्या रसायन संस्थेत मात्र स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून तळघरातील सुतारकामाच्या जुन्या खोलीत, स्वतंत्र दाराने ये-जा करण्याच्या अटीवर, माइटनर यांना जागा देण्यात आली. पहिली काही वर्षे त्यांना वेतनही नव्हते. वडिलांकडून येणाऱ्या पैशावर त्या राहत होत्या.

पुढे परिस्थिती पालटली. १९१२ मध्ये दाहलेम येथील कैसर विल्हेल्म रसायन संस्थेत दोघांचे काम सुरू झाले. १९१७ मध्ये माइटनर यांच्याकडे तेथील भौतिकशास्त्र विभागाची सूत्रे आली. हान आणि माइटनर यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध लावला. १९२६ मध्ये माइटनर बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. प्लांक यांच्या घरी होणाऱ्या संगीताच्या मैफली आणि मित्रांसमवेतची लांबलचक पायी भ्रमंती यांमुळे हे परके शहर त्यांना आपलेसे झाले.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू वंशाच्या माइटनर यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला. ऑस्ट्रियाच्या नागरिक असल्यामुळे संस्थेतील संशोधन तेवढे चालू राहिले. १९३४ मध्ये युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करण्याच्या प्रयोगमालेसाठी त्यांनीच हान यांना प्रवृत्त केले. त्यात पुढे फ्रिट्झ श्ट्रासमान हे रसायनशास्त्रज्ञही सामील झाले. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि माइटनर यांच्या पारपत्राला अर्थ उरला नाही. १३ जुलै १९३८ रोजी डच भौतिकशास्त्रज्ञ डिर्क कोस्टर यांच्या सोबतीने त्यांनी रेल्वेने हॉलंडची सीमा ओलांडली. वय ५९ वर्षे, जवळ दोन लहान बॅगा आणि दहा मार्क. अडचणीच्या प्रसंगी उपयोगी पडावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती.

३. स्टॉकहोम : साधनांविना संशोधन

कोपनहेगनमार्गे माइटनर स्वीडनमधील स्टॉकहोमला पोहोचल्या. मान्ने सीगबान यांच्या नव्या संस्थेत त्यांना जागा मिळाली, पण उपकरणे नव्हती, सहायक नव्हते आणि वेतन एखाद्या नवख्या सहायकाइतके होते. राहणे हॉटेलच्या लहानशा खोलीत. साठीच्या उंबरठ्यावर नवी भाषा शिकायची होती. बर्लिनमध्ये स्वतंत्र विभाग चालविणाऱ्या विदुषीच्या वाट्याला आलेली ही अवस्था अत्यंत क्लेशकारक होती.

या स्थितीत त्यांचा आधार होता तो पत्रांचा. हान यांच्याशी पत्रव्यवहार सतत चालू होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये दोघे कोपनहेगनला भेटले. युरेनियमच्या प्रयोगात रेडियम तयार होत असल्याचा हान आणि श्ट्रासमान यांचा निष्कर्ष माइटनर यांना पटला नाही. तो पुन्हा काटेकोरपणे तपासावा, असा आग्रह त्यांनी धरला. या फेरतपासणीतून डिसेंबरमध्ये अनपेक्षित गोष्ट पुढे आली : तयार होणारा पदार्थ रेडियम नसून त्याहून कितीतरी हलका बेरियम होता. हान यांनी हे प्रथम माइटनर यांनाच पत्राने कळविले आणि त्याचे स्पष्टीकरण विचारले.

४. कुंगएल्व येथील सुटी

बर्लिनच्या दिवसांपासून माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो रॉबर्ट फ्रिश नाताळ एकत्र साजरा करीत. आउगुस्टे यांचा हा मुलगाही भौतिकशास्त्रज्ञ होता आणि कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत काम करीत होता. त्या वर्षी त्याचे वडील डाखाऊच्या छळछावणीत होते. बर्लिनमधील जुनी मैत्रीण एव्हा फॉन बार-बेर्गिउस हिने दोघांना पश्चिम स्वीडनमधील कुंगएल्व या छोट्या गावी बोलावले होते.

हान यांचे पत्र घेऊन मावशी-भाचे बर्फात फिरायला निघाले. फ्रिश स्कीवर होते, तर माइटनर पायीच त्यांच्या बरोबरीने चालत होत्या. वाटेत एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर गणिते मांडली. अणुकेंद्रक हे द्रवाच्या थेंबासारखे असते, ही कल्पना त्या काळी परिचित होती. युरेनियमच्या केंद्रकातील मोठा विद्युत्भार या थेंबाचा पृष्ठताण जवळजवळ नाहीसा करतो. न्यूट्रॉनच्या धक्क्याने असा थेंब लांबट होऊन मध्ये आवळला जाईल आणि दुभंगेल. हे दोन तुकडे परस्परांना दूर लोटतील आणि त्यांची ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल.

एवढी ऊर्जा कोठून येणार? केंद्रकांची वस्तुमाने काढण्याचे सूत्र माइटनर यांना मुखोद्गत होते. दोन तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांशाने कमी भरत होते. आइन्स्टाइन यांच्या समीकरणानुसार एवढ्या वस्तुमानाची ऊर्जा नेमकी तितकीच येत होती. जवळ ग्रंथालय नव्हते. तीस वर्षांच्या अभ्यासात मुरलेली स्मरणशक्ती मात्र होती.

५. एका शब्दाचा जन्म

कोपनहेगनला परतल्यावर फ्रिश यांनी प्रयोगाने या तर्काची खातरजमा केली. मावशी-भाच्यांनी दूरध्वनीवर चर्चा करीत शोधनिबंध सिद्ध केला आणि तो ११ फेब्रुवारी १९३९ रोजी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या नव्या घटनेला नाव हवे होते, म्हणून फ्रिश यांनी विल्यम अर्नोल्ड या जीवशास्त्रज्ञाला पेशी दुभंगते त्या क्रियेचे नाव विचारले. उत्तरात मिळालेला ‘फिशन’ हा शब्द अशा रीतीने जीवशास्त्रातून भौतिकशास्त्रात आला. मराठीत आपण त्यासाठी ‘विखंडन’ किंवा ‘विभाजन’ हा शब्द योजतो.

६. कोपनहेगनची आणखी एक फेरी

एप्रिल १९४० मध्ये माइटनर बोर यांच्याकडे कोपनहेगनला गेल्या आणि लगेच ९ तारखेला जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरले. काही आठवड्यांनी स्टॉकहोमला परतल्यावर त्यांनी इंग्लंडला तार पाठवून बोर दांपत्य सुखरूप असल्याचे कळविले. केंट परगण्यातील मॉड रे या बाईंनाही हे सांगावे, अशी विनंती तारेत होती. या बाई पूर्वी बोर यांच्या मुलांच्या शिक्षिका होत्या. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांना मात्र त्या नावात सांकेतिक संदेश असल्याचा संशय आला, आणि अणुबॉम्बच्या शक्यतेचा विचार करणाऱ्या ब्रिटिश समितीला पुढे ‘मॉड’ हेच नाव मिळाले. प्रत्यक्ष बॉम्बच्या कामात सहभागी होण्याचे निमंत्रण १९४३ मध्ये आले, तेव्हा माइटनर यांनी स्पष्ट नकार दिला.

७. सन्मान आणि उपेक्षा

१९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना देण्यात आले. बेरियमविषयीच्या शोधनिबंधावर, देश सोडून गेलेल्या ज्यू सहकारिणीचे नाव घालणे नाझी राजवटीत शक्य नव्हते. युद्धानंतर मात्र तसे बंधन उरले नव्हते, तरीही हान यांनी त्यांच्या वाट्याचे श्रेय पुरेशा मोकळेपणाने सांगितले नाही. माइटनर यांनी मैत्री तोडली नाही, पण नाझी राजवटीत गप्प राहिल्याबद्दल हान यांना दोष देण्यासही त्या कचरल्या नाहीत. श्ट्रासमान यांनी माइन्झ येथील संस्थेत येण्याचे सुचविले, तेही त्यांनी नाकारले. भेटीसाठी त्या जर्मनीला जात राहिल्या, वास्तव्यासाठी कधीच परतल्या नाहीत.

१९४७ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात त्यांना योग्य जागा मिळाली आणि १९४९ मध्ये त्यांनी स्वीडिश नागरिकत्व घेतले. १९६० मध्ये फ्रिश यांच्याजवळ राहण्यासाठी त्या केंब्रिजला गेल्या. १९६६ चा एन्रिको फर्मी पुरस्कार हान, माइटनर आणि श्ट्रासमान यांना मिळून देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला ‘माइटनेरियम’ हे नाव निश्चित झाले.

समारोप

परदेशातील हालअपेष्टांनीच माइटनर यांना मोठे केले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९३८ नंतर त्यांची प्रयोगशाळा गेली, आणि त्याबरोबर श्रेयाचा मोठा भागही गेला. ही हानी भरून निघाली नाही. परंतु सीमेवर जप्त करता येणार नाहीत अशा काही गोष्टी त्यांच्याजवळ उरल्या : मुरलेला अभ्यास, शंका घेण्याची सवय, चालण्याची आवड आणि जिवाभावाची माणसे. कोपनहेगनची भेट आणि कुंगएल्वची सुटी यांतून या सर्वांचा मेळ जमला, म्हणून हे लहान प्रवास त्यांच्या विज्ञानाचा भाग ठरले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बर्लिनला जाणे आणि स्टॉकहोमला जाणे या माइटनर यांच्या दोन स्थलांतरांतील फरक स्पष्ट करा.
२. कुंगएल्व येथील सुटीत लागलेल्या शोधामागील पूर्वतयारी आपल्या शब्दांत लिहा.
३. एका शास्त्रातील संज्ञा दुसऱ्या शास्त्रात कशी येते, हे या लेखातील आणि आपल्या परिचयातील एकेका उदाहरणाने सांगा.