समजून घ्या : होमी भाभांचा वारसा आणि गोठलेल्या कोळंबीवरचे गॅमा किरण

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. साठवलेल्या तांदळात कीड लागणे ही इथली नेहमीची डोकेदुखी. गॅमा किरणांनी ही कीड मारता येते. पण ‘किरण मारलेले अन्न’ म्हटले की अनेकजण बिचकतात. ही भीती खरी आहे का? याचे उत्तर ज्या विज्ञानात आहे, त्याचा देशात पाया घातला होमी भाभा यांनी.

कोण होते भाभा?

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. वडिलांच्या इच्छेखातर केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंग केले, पण मन भौतिकशास्त्रात होते. विश्वकिरण पदार्थातून जाताना कणांचा वर्षाव कसा होतो, हे त्यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत मांडले. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचे अणुऊर्जा केंद्र, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव मिळाले.

किरण नेमके काय करतात?

कोबाल्ट-६० चे गॅमा किरण रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवतात. पाण्याचे रेणू तुटून मुक्त मूलके तयार होतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असल्याने ती समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतात. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही त्यातून सुटत नाहीत.

गोठवल्यावर काय बदलते?

द्रवात मूलके मोकळी फिरतात, बर्फात जागीच अडकतात. त्यामुळे अमिनो आम्लांपर्यंत कमी पोहोचतात. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवर तर ती इतकी टिकतात, की ईएसआर यंत्राने मोजता येतात. तापमान वाढले की ती हलतात, एकमेकांशी जुळतात आणि संपतात.

म्हणूनच कोळंबी, मांस यांवर गोठलेल्या अवस्थेत किरण सोडतात. चव आणि वास कमी बिघडतो. मात्र जंतूही काहीसे चिवट होतात, मात्रा थोडी वाढवावी लागते.

मग अन्न किरणोत्सारी होते का?

नाही. कोबाल्टच्या किरणांत अणुकेंद्र बदलण्याइतकी ऊर्जा नसते. मात्रा चुकली तर चव बिघडते, म्हणून ती काटेकोर मोजतात. गंमत म्हणजे, त्यासाठीही अ‍ॅलानिन हे अमिनो आम्लच वापरता येते. जितके किरण, तितकी मूलके.

भाभा केंद्राने उभारलेल्या लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटणे याच तंत्राने रोखले जाते. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यावरही तिथेच प्रक्रिया झाली होती.