अर्बुदांचे मूळ शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

कोंबड्यांच्या खुराड्यात साथ शिरली, तरी सगळ्याच कोंबड्या मरत नाहीत. काही तगून राहतात. १९११ मध्ये अमेरिकेतील पेटन रूस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी गाळून काढून निरोगी कोंबडीला टोचला, तेव्हा तिलाही गाठ झाली. विषाणूमुळे अर्बुद होऊ शकते, हे यातून पुढे आले. नंतर कॉर्नेल विद्यापीठात हट आणि कोल यांनी तगलेल्या कोंबड्यांचीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून अर्बुदांना सहसा बळी न पडणारे वाण तयार केले. विषाणू तोच, मग एकाला रोग का आणि दुसऱ्याला का नाही? हाच प्रश्न मुंबईत उंदरांच्या संदर्भात हाती घेतला तो डॉ. कमल रणदिवे यांनी.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. हुजूरपागेत शिकलेल्या मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. तेथेच रमणे अवघड नव्हते. परंतु त्या परतल्या आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा एक घटक आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे १९३६ मध्ये बिटनर यांनी दाखविले होते. तो घटक म्हणजे विषाणू, हे नंतर उलगडले. मात्र केवळ विषाणूने सारे घडत नाही. भावंडांचा संकर वीस पिढ्या चालवून तयार केलेले शुद्ध वाण शेजारी ठेवले, की एकात गाठी वारंवार होतात, दुसऱ्यात क्वचितच. कर्करोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडणे, हे कमलताईंच्या संशोधनाचे सूत्र होते. उंदरांतील हा विषाणू माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु रोगाचे कारण आणि शरीराचा स्वभाव यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी या कामाने दिली.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे प्रभारी संचालकपद सांभाळले. परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांनी मायदेशी परतावे, असा त्यांचा आग्रह असे. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचाही त्यांनी अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. डॉक्टर न होताही रुग्णांच्या उपयोगी पडता येते, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.