मैदानावरचे प्राध्यापक

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून उत्तरेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर आझाद मैदानालगत बॉम्बे जिमखान्याचे मैदान लागते. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध सी. के. नायडू यांनी येथे हिंदू संघाकडून १५३ धावा तडकावल्या. त्याच महिन्यात, याच मैदानावर, अखिल भारतीय संघाकडून १४८ धावांची खेळी झाली. ती खेळणारे गृहस्थ एरवी पुण्यात विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवत. त्यांचे नाव दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. १९११ मध्ये ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले. त्या काळी केवळ क्रिकेटवर संसार चालवणे मध्यमवर्गीय माणसाला अशक्यच होते. कुणी संस्थानिकांच्या आश्रयाला जाई, कुणी नोकरीत स्थिरावून बॅट कायमची खाली ठेवी. देवधरांनी यांपैकी काहीच केले नाही. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक राहिले आणि खेळतही राहिले. पोट अध्यापनावर चालत असल्यामुळे क्रिकेटसाठी त्यांना कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले नाही.

मात्र काळ त्यांच्यासाठी थांबला नाही. १९२६ मधील त्या खेळींमुळे भारतीय क्रिकेटविषयी विश्वास वाढला आणि १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा देवधर चाळिशीत पोहोचले होते. पुढच्या वर्षी भारतातील पहिली कसोटी त्याच जिमखान्याच्या मैदानावर झाली. त्याही संघात ते नव्हते. कसोटीची टोपी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही.

त्या निराशेत त्यांनी खेळ सोडला असता, तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी महाराष्ट्राचे नेतृत्व स्वीकारले आणि १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकून दिला. दुसऱ्या वर्षी पुण्यात बलाढ्य मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांचे उत्तर दिले. सामना पहिल्या डावाच्या अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर निकाली ठरला. १९४४ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत त्यांनी शतके ठोकली : १०५ आणि १४१.

खेळाची ही ओढ घरातही उतरली. मुलींनी अभ्यासाबरोबर मैदानही गाजवावे, ही कल्पना त्या काळच्या घरांना सहज पटणारी नव्हती. पण तारा, सुंदर आणि सुमन या देवधरांच्या तीन कन्यांनी १९४०च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये आपला ठसा उमटवला.

पुढे देवधरांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटचा निरोप घेतला. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या आंतरविभागीय एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. वयाचीही शंभरी पार करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते निवर्तले. अभ्यास की खेळ, असा प्रश्न आजही दहावीच्या उंबरठ्यावर घरोघरी उभा राहतो. देवधरांनी आयुष्यभर दोन्हींना वेळ दिला, आणि एकासाठी दुसऱ्याचा बळी दिला नाही.