धान्य महागलं म्हणून फ्रान्समध्ये दंगल झाली, शिरढोणच्या या कारकुनानं तर सरकारविरुद्ध फौजच उभी केली

जुईनगर, नेरूळ, सानपाडा या पट्ट्यात फ्रेंच शिकणारी बरीच पोरं आहेत. यातल्या अनेकांना स्पीकिंगच्या परीक्षेसाठी एक प्रोजेक्ट करावा लागतो. विषय बऱ्याचदा ठरलेला असतो, इतिहासातला एखादा सामाजिक असंतोष. मग सगळे बास्तीयचा तुरुंग नाहीतर मे १९६८ चा पॅरिसचा संप उचलतात, तारखा पाठ करतात आणि परीक्षकानं पहिला उलटा प्रश्न विचारला की गप्प बसतात.

कारण परीक्षक तारखा विचारत नाही. तो विचारतो की लोक नेमके त्याच वेळी का भडकले? पुढाकार कोणी घेतला? आणि तुम्ही याला दंगल म्हणाल की उठाव? फ्रेंचमध्ये दंगलीला एम्यूत आणि उठावाला रेव्होल्त असे दोन वेगळे शब्द आहेत. यातला कुठला वापरायचा, यावरच अख्खी चर्चा रंगू शकते.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका माणसाच्या आयुष्यात सापडतात. जुईनगरवरून पनवेल लोकल पकडायची आणि पुढे गोवा हायवेनं थोडं गेलं की शिरढोण लागतं. हा माणूस तिथलाच. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके.

४ नोव्हेंबर १८४५ ला शिरढोणमध्ये त्यांचा जन्म झाला. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ला गेला आणि घरात उरल्या त्या फक्त आठवणी. वासुदेव कल्याण आणि मुंबईत थोडंफार इंग्रजी शिकले, काही दिवस रेल्वेत कारकुनी केली आणि मग पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात चिकटले. ही नोकरी त्यांनी साधारण १५ वर्षं केली. थोडक्यात काय, तर पगारदार, मध्यमवर्गीय, सरकारी माणूस.

पहिला तडा गेला तो रजेवरून. गावाकडे आई आजारी होती. त्यांनी रजा मागितली, पण साहेबानं वेळेवर दिली नाही. ते तसेच निघाले, पण पोचेपर्यंत आई गेली होती. ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

पण फक्त या रागातून फौज उभी राहत नाही.

पुण्यात तेव्हा वातावरण तापलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे व्याख्यानांमधून देशाचा पैसा बाहेर कसा जातो ते समजावून सांगत होते. फडके ते ऐकत होते. दुसरीकडे लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि तलवार शिकत होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. आज आपण जिला महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणतो, ती हीच संस्था. म्हणजे त्या वेळी हा माणूस बंदूक नाही, शाळा काढत होता.

मग १८७५ उजाडलं. सावकारी कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्यांनी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात सावकारांची खतं आणि दस्त जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातून शेतकरी सावरतोय तोवर १८७६ चा पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला.

आता इथे फ्रान्सचा संबंध येतो.

शंभर वर्षं मागे जाऊ. १७७४ मध्ये सोळाव्या लुईचा अर्थमंत्री तुर्गो यानं धान्याच्या व्यापारावरची सरकारी बंधनं काढली. बाजार आपोआप भाव ठरवेल, असा त्याचा विश्वास होता. त्यात पीक कमी आलं आणि पावाचे भाव भडकले. एप्रिल-मे १७७५ मध्ये शेकडो ठिकाणी लोकांनी बाजार आणि कोठारं ताब्यात घेतली. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी त्यांनी धान्य फुकट नेलं नाही, तर स्वतःला योग्य वाटेल तो भाव ठरवून विकायला लावलं. याला पिठाचं युद्ध म्हणतात. सरकारनं सैन्य उतरवलं आणि दोघांना पॅरिसमध्ये भरचौकात फाशी दिली. फ्रेंच राज्यक्रांती यानंतर १४ वर्षांनी झाली.

१८७७ मध्ये भारतात व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. विचार तोच, धान्याच्या बाजारात सरकारनं हात घालायचा नाही. दुष्काळ सुरू असताना धान्य परदेशात जातच राहिलं. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत महाराणीसाठी थाटामाटाचा दरबारही भरला.

दुष्काळावरचा खर्च आवरायला लिटननं रिचर्ड टेंपलला पाठवलं. या टेंपलनं १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना वाचवलं होतं, पण त्या बदल्यात उधळपट्टीची टीका झेलली होती. या वेळी त्यानं उलटं टोक गाठलं. दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी फोडून. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी निषेध म्हणून कामं सोडली. या दुष्काळात देशभरात ५० लाखांहून जास्त माणसं गेली.

आणि हाच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला.

फडके या काळात महाराष्ट्रात फिरले. पायी हिंडले, गावं पाहिली, उपाशी माणसं पाहिली. ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला सरकारच्या तिजोरीत पैसा कुठून येतो हे पाठ होतं. तो ज्यांच्याकडून येतो, त्यांची अवस्था आता डोळ्यांनी दिसली.

शिकलेल्या लोकांकडून त्यांना फारशी साथ मिळाली नाही. साथ दिली रामोशांनी. पेशवाईत किल्ल्यांची आणि गावांची राखण रामोशांकडे असायची. इंग्रजी आल्यावर त्यांची वतनं आणि कामं गेली. १८३२ मध्ये फाशी गेलेले उमाजी नाईक याच समाजाचे. दौलतराव नाईक आणि त्यांचे साथीदार फडक्यांसोबत उभे राहिले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारी गावावर पहिला छापा पडला. हाती फार काही लागलं नाही. मग पुणे-सातारा पट्ट्यात एकामागून एक छापे पडत गेले. योजना अशी होती की सावकार आणि सरकारचा पैसा लुटायचा, त्यातून माणसं आणि हत्यारं जमवायची, तारा आणि रस्ते तोडायचे आणि मग राज्यच उलथवायचं. फडक्यांनी सरकारला जाहीरनामा पाठवला. शेतकऱ्यांना मदत द्या, लोकांना काम द्या, सारा कमी करा, नाहीतर परिणाम भोगा. सरकारनं त्यांच्यावर बक्षीस लावलं, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्याच डोक्यावर इनाम जाहीर केलं.

मे १८७९ मध्ये त्यांच्या माणसांनी कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली इथे छापे घातले. हे तेच पळस्पे, जिथून आज आपण गोवा हायवेला वळतो. लूट मोठी मिळाली, पण परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं गाठलं आणि दौलतराव मारले गेले. त्याच आठवड्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. पहिला संशय अर्थातच फडक्यांवर. ती आग त्यांच्या लोकांनी लावली नव्हती, हे नंतर पुढे आलं.

दौलतराव गेल्यावर सगळं विस्कटलं. जमलेल्या माणसांपैकी अनेकांना स्वराज्यापेक्षा लुटीत रस होता, ही खंत फडक्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते आंध्रात श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देह ठेवायचा विचार केला आणि आत्मचरित्र लिहिलं. मग पुन्हा उठले आणि निजामाच्या राज्यातल्या रोहिल्यांना जमवायला लागले. पण जुलै १८७९ मध्ये विजापूर भागातल्या देवर नावदगी गावी मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना झोपेत पकडलं.

पुण्यात खटला उभा राहिला. वकील होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. पण फडक्यांची डायरी आणि आत्मचरित्रच सरकारच्या हाती पुरावा म्हणून लागलं होतं. जन्मठेप झाली आणि १८८० मध्ये त्यांना एडनला नेलं. तिथे त्यांनी कोठडीचं दार उचकटून पळ काढला, काही मैलांवर पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त ३७.

मग हा उठाव फसला का? राज्य उलथलं नाही, हे खरं. पण १८७९ च्याच ऑक्टोबरमध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. त्याचं मूळ १८७५ च्या दंग्यांच्या चौकशीत आहे, सगळं श्रेय फडक्यांना देता येणार नाही. पण दख्खन पुन्हा पेटू शकतं, हे त्या वर्षी सरकारनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी खरी मेख इथेच आहे. परीक्षेत फ्रेंच भाषिक देशाचाच विषय लागत असेल, तर १७७५ चं पिठाचं युद्ध मुख्य ठेवा आणि तुलनेला १८७९ घ्या. कारण दोन्हीकडे सारखं आहे, धान्य बाजारावर सोडणारं सरकार. फरक पुढे आहे. फ्रान्समध्ये लोकांना भाव बदलून हवा होता, फडक्यांना सरकारच बदलून हवं होतं. म्हणून पहिल्याला एम्यूत म्हणता येईल, पण दुसऱ्याला रेव्होल्तच म्हणावं लागेल. शोधायला साधनही आहे. फडक्यांच्या लिखाणाचा इंग्रजी अनुवाद मुंबई सरकारनं स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात छापला आहे.

सरकारी कागदांत मात्र फडक्यांचा उल्लेख बऱ्याचदा दरोडेखोर असा येतो. नाव कोण ठेवतं, यावर इतिहास कसा बदलतो हे परीक्षकाला सांगायचं असेल, तर एवढं एकच उदाहरण पुरेसं आहे.