हिंगे, टोळ आणि चार्ल्स रायली

बाजरी फुलोऱ्यात आली, की आमच्या शिवारात हिंग्यांची वर्दळ सुरू होते. काळ्या पंखांवर पिवळे-नारिंगी पट्टे असलेला हा भुंगेरा कणसावर बसून फुलोरा खातो आणि त्या जागी मग दाणा भरत नाही. उघड्या हाताने चिरडला, तर त्याच्या अंगातील रसाने कातडीवर फोड उठतात. लहानपणी आजोबांबरोबर रॉकेल-पाण्याचा डबा घेऊन मी हिंगे वेचले आहेत. हिंगा म्हणजे शत्रू, याविषयी मला कधी शंका आली नव्हती. ती शंका माझ्या मनात निर्माण केली सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका परदेशी माणसाने. कला शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याने एका कीटकशास्त्रज्ञाचे चरित्र सांगायला घ्यावे, याचे कारण एवढेच.

चार्ल्स व्हॅलेंटाईन रायली यांचा जन्म १८४३ साली लंडन येथे झाला. शिक्षण फ्रान्स व जर्मनीत झाले. किडे पकडावेत, न्याहाळावेत आणि त्यांची हुबेहूब चित्रे काढावीत, हा त्यांचा बालपणापासूनचा छंद. १८६० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले आणि इलिनॉय राज्यातील एका शेतावर राबू लागले. विद्यापीठात शिकून त्यांनी पदवी मिळवली नाही. त्यांचे विद्यापीठ म्हणजे ते शेत. पुढे शिकागोला 'प्रेअरी फार्मर' या शेतकी नियतकालिकात ते बातमीदार आणि चित्रकार झाले, कीटकांविषयीचे सदरही सांभाळू लागले. १८६८ मध्ये मिसुरी राज्याने त्यांना आपले कीटकशास्त्रज्ञ नेमले. तेव्हा त्यांनी पंचविशीही पुरी केली नव्हती. त्यांनी मिसुरीसाठी एकूण नऊ वार्षिक अहवाल लिहिले. त्यांतील बहुतेक चित्रे त्यांच्याच हातची होती. हे अहवाल खुद्द डार्विननेही वाखाणले.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी मात्र टोळधाडीने घेतली. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडून टोळांचे थवे उतरले आणि त्यांनी मका, भाजीपाला, जे दिसेल ते फस्त केले. जाताना ते जमिनीत अंडी घालून गेले. १८७५ च्या वसंतात ती अंडी उबली आणि पश्चिम मिसुरीतील शेतकऱ्यांच्या घरी अक्षरशः चूल पेटेना. राज्याच्या गव्हर्नरांनी ३ जून हा उपवासाचा व प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. रायलींनी प्रार्थनेची टिंगल केली नाही. प्रार्थनेबरोबर उपाशी लोकांसाठी मदतही गोळा करा, एवढेच त्यांनी सुचविले. टोळांचे जीवनचक्र त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. जूनमध्ये पंख फुटले की हे टोळ उडून जातील, असे भाकीत त्यांनी केले आणि लवकर येणारी पिके पुन्हा पेरण्याचा आग्रह धरला. टोळ खरोखरच जूनमध्ये गेले. ज्यांनी पुन्हा पेरणी केली, त्यांच्या पदरात काही तरी पडले. त्याच वर्षी रायलींनी काही पाहुण्यांना चक्क टोळांच्या पक्वान्नांची मेजवानी दिली! अन्न नाही म्हणून उपाशी मरण्यापेक्षा समोरचा टोळ खावा, हा त्यामागचा विचार होता. लोकांना तो पटला नाही, ही गोष्ट निराळी.

१८७७ मध्ये अमेरिकी सरकारने टोळांच्या चौकशीसाठी तीन कीटकशास्त्रज्ञांचा आयोग नेमला. रायली त्याचे अध्यक्ष होते. टोळ कोठून येतात, याबरोबरच टोळांना कोण खाते, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच गंभीरपणे घेतला. जमीन उकरून त्यांनी अंड्यांच्या पुंजक्या तपासल्या. त्यांवर जगणारे तांबडे कोळीकिडे सापडले, माशांच्या अळ्या सापडल्या आणि आणखी एक अळी सापडली. ती अळी वाढवून पाहिली तेव्हा तिच्यातून निघाला फोड आणणारा भुंगेरा, म्हणजे आमच्या हिंग्याचाच अमेरिकन भाऊबंद! हाच भुंगेरा मोठेपणी बटाट्याचा पाला फस्त करतो, म्हणून तिकडचे शेतकरी त्याला शिव्या देत. तोच बालपणी जमिनीखाली टोळांची अंडी खाऊन शेतकऱ्याचे पीक राखीत होता, आणि हे कोणाला ठाऊकही नव्हते.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आपल्याकडील हिंग्यांच्या अळ्याही नाकतोड्यांच्या अंड्यांवरच वाढतात, असे पुढे वाचनात आले. मग मी डब्यात बुडवला तो कोण होता?

एका किड्याला दुसऱ्या किड्याने आवरावे, हा विचार रायलींनी पुढे कृतीत आणला. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीने उजाड होत होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. तेव्हा रायली वॉशिंग्टनला कृषी खात्यात कीटक विभागाचे प्रमुख होते. कीटकशास्त्रज्ञांच्या परदेशवारीवर खर्च करण्यास संसदेची बंदी होती. म्हणून १८८८ मध्ये मेलबर्नच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या मंडळींबरोबर त्यांनी आपले सहकारी आल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला धाडले. तिथून पहिल्या खेपांत जेमतेम १२९ ढालकिडे आले. त्यांची प्रजा बागांतून पसरली आणि वर्ष-दीड वर्षात खवलेकीड आटोक्यात आली. १८९१ मध्ये पानाच्या आवरणाआड राहून गव्हाच्या ताटाचा रस शोषणाऱ्या व ते कमजोर करून मोडणाऱ्या हेसियन माशीसाठीही रायलींनी इंग्लंडहून तिच्यावर जगणारे चिमुकले परोपजीवी कीटक आणवले.

रायली देवमाणूस नव्हते. स्वभाव तापट, सहकाऱ्यांच्या श्रमाचे श्रेय ते स्वतःकडे घेतात, अशी तक्रार त्यांच्या हयातीतच होती. ढालकिड्यांच्या यशाचे श्रेय कोणाचे, यावरही वाद झाला. कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनी सोन्याचे घड्याळ दिले, ते कोबेले यांना. १८९४ मध्ये रायलींनी पद सोडले. १४ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून जाताना रस्त्यातील दगडावर आदळून ते पडले आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. एक लाखाहून अधिक कीटकांचा आपला संग्रह त्यांनी आधीच राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकला होता.

त्यांनी ज्याच्याशी झुंज घेतली, तो रॉकी पर्वतातील टोळ १९०२ नंतर कोणाला जिवंत दिसलेला नाही. पर्वतातील नद्यांकाठची त्याची अंडी घालण्याची ठिकाणे नांगराखाली व गुरांच्या पायांखाली आली, म्हणून तो संपला असावा, असे काही अभ्यासक मानतात. आभाळ झाकणारा किडा नाहीसा झाला, तो बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसताना!

गेल्या सुट्टीत बाजरी फुलोऱ्यात असताना मी हे सारे आजोबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पोट कणसावर भरते, पुस्तकावर नाही, याची आठवण करून दिली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही डबा घेऊन कणसांवरचे हिंगे वेचले. बांधावरच्या रानफुलांवरही बरेच हिंगे बसले होते. माझा हात तिकडे वळला, तेव्हा आजोबांनीच मला थांबवले आणि डबा खाली ठेवायला सांगितले.