सेल्फ स्टार्टरचा जनक : चार्ल्स केटरिंग

शिक्षकमित्रांनो आणि पालकांनो, मागच्या सुट्टीत आमच्या महाळुंग्यात एका ओळखीच्या कुटुंबाची गाडी निघता निघता अडली. झोपायची सोय, शेगडी, पंखा, सगळं आतच असलेली ती मोठी गाडी. निघायचं होतं ताम्हिणीला. किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजायचं, इंजिन काही फिरेना. आतला पंखा मात्र जोरात चालू! मग बॅटरी उतरली कशी म्हणायची, असं मुलांनी विचारलं. उत्तर सांगतेच, पण आधी त्या किल्लीमागचा माणूस बघा.

चार्ल्स केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. डोळे अधू. वाचलं की डोकं ठणकायचं. तरीही तो काही काळ शाळेत शिकवत होता, म्हणजे आपल्यातलाच! डोळ्यांपायी विद्यापीठ सोडावं लागलं, तेव्हा टेलिफोनच्या तारा ओढायचं काम केलं. परत गेला तेव्हा सोबतच्या मुलांनी पुस्तकं वाचून दाखवली आणि 1904 साली तो इंजिनियर झाला. वर्गात कुणाला वाचायला त्रास होत असेल, तर हा भाग जरूर सांगा.

पहिली नोकरी दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसवली. मोटर दिवसभर चालवायची नव्हती, क्षणभर जोर लावला की काम झालं. म्हणून ती लहान असली तरी चालत होती.

तेव्हा मोटारगाडीला हँडल मारावं लागे. आपल्याकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनला मारायचे तसंच. हँडल उलटं झटकलं की मनगट मोडायचं, कधी जबडाही. इंजिन फिरवायला प्रचंड मोटर लागेल, असं जाणकार म्हणत. केटरिंगला गल्ला आठवला. 1911 साली त्याने सेल्फ स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला.

आता आपली अडलेली गाडी. क्षणभर का होईना, स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. पंख्याला लागतात थोडेसेच. शिवाय अशा गाडीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात, एक घराची आणि एक इंजिनची. पंखा घराच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे तो फिरला म्हणून इंजिनची बॅटरी ठीक आहे असं समजू नका. किल्ली फिरवताना समोरचे हेडलाइट बघा. एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरली असेल नाहीतर जोड खराब असेल. आमच्या गाडीत बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली होती. गाळ अडकलेल्या नळातून थेंब येतात, बादली भरत नाही, तसलाच प्रकार. ऋण बाजूची तार आधी काढली, दोन्ही टर्मिनल घासून घट्ट बसवले, आणि पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं.

केटरिंग पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला आणि 1947 पर्यंत तिथे होता. पण एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती 1921 साली त्याच्याच प्रयोगशाळेत निघाली. 1924 साली ते संयुग बनवणारे कामगार विषबाधेने दगावले, तरी त्याने पाठराखण सोडली नाही. 1958 साली तो वारला. आपल्या देशातलं शिशाचं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं.