तुकोबांचा स्वतःशींच वाद

आषाढी वारीच्या दिवसांत हडपसराजवळ दोन पालख्यांच्या वाटा फुटतात. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिवे घाटाकडे वळते, आणि तुकाराममहाराजांची सोलापूरच्या हमरस्त्यानें आमच्या लोणी काळभोरास मुक्कामाला येते. आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं त्या दिवशीं वारकऱ्यांस पाणी दिलें असेल. ज्यांच्या पादुका त्या पालखींत असतात, ते एके काळीं दिवाळें निघालेले दुकानदार होते, ही गोष्ट मात्र त्या गर्दींत सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

तुकोबांचा जन्म देहू गांवीं, बहुतेकांच्या मतें 1608 सालीं झाला. वडील बोल्होबा यांजकडे गांवची महाजनकी होती व घरीं व्यापार होता. ऐन तारुण्यांत आईबाप गेले, वडील बंधु सावजी घर सोडून निघून गेले, आणि 1630 च्या सुमारास दख्खनेंत घोर दुष्काळ पडला. व्यापार बुडाला. थोरली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगाहि गेला. द्रव्यासवें मान गेला आणि जिवाची लाज वाटूं लागली, हें तुकोबांनीं आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच सांगितलें आहे.

अशा वेळीं मनुष्य स्वतःशीं काय बोलतो? फळ्यापुढें उभा केलेला मुलगा खडू हातीं घेण्यापूर्वींच आपणांस हें येणार नाहीं असें पुटपुटतो, तें आम्हीं कित्येक वेळां ऐकिलें आहे. तुकोबांजवळहि तसें म्हणावयास कारणें होतीं, आणि तीं खरीं होतीं. ते भामनाथाच्या व भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतीं जाऊन बसूं लागले. (इकडे चूल आणि पोरें जिजाईच्या माथीं. तिला कजाग ठरविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस पटत नाहीं.) झाडें व पाखरें यांस सोयरे मानणारा त्यांचा अभंग तुम्हांपैकीं बहुतेकांस पाठ आहे, त्याच्या शेवटीं त्यांनीं तेथील आपला उद्योगहि सांगितला आहे. तो म्हणजे आपल्याच मनाशीं वाद घालणें.

परंतु रित्या मनांतून चांगलें बोलणें कोठून निघावें? आरंभीं आपलें चित्त अभ्यासांत नव्हतें, हें ते लपवीत नाहींत. म्हणून त्यांनीं पूर्वींच्या संतांचीं वचनें विश्वासानें व आदरानें पाठ केलीं, आणि कीर्तनांत गाणाऱ्यांच्या मागें उभें राहून ध्रुपद धरिलें. दुसऱ्यांचे शब्द असे पुष्कळ दिवस घोळविल्यावर मग त्यांचे स्वतःचे शब्द आले. खरें कोणतें व खोटें कोणतें याविषयीं त्यांनीं आपल्या मनालाच साक्षी केलें. बहुमताकडे पाहिलें नाहीं. घरच्या कर्जरोख्यांपैकीं बंधु कान्होबाचा अर्धा वांटा त्याला दिला, आणि स्वतःचा अर्धा इंद्रायणींत बुडविला, असें चरित्रकार सांगतात.

हें मनाशीं बोलणें सगळें गोड नव्हे. कधीं ते मनाला चंचल म्हणून दटावितात, कधीं मित्रासारखें विनवितात, कधीं स्वतःस पतित म्हणवितात. एका अभंगांत तर अतिसूक्ष्म कणाचें आणि आभाळाचें माप ते एकाच दमांत स्वतःला लावितात. नुसत्या आत्मस्तुतीनें आत्मविश्वास येतो असें मानणाऱ्यांनीं गाथा एकवार वाचावी.

कसोटीचा प्रसंग पुढें आला. मुळा-मुठेपलीकडील वाघोलीचे रामेश्वरभट्ट यांनीं आक्षेप घेतला, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावांचून नदीकांठीं पडून राहिले. वह्या पाण्यावर कोरड्या तरल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. आम्हांस अधिक विलक्षण वाटतें तें त्यानंतरचें त्यांचें बोलणें. त्यांत विजयाचा गर्व नाहीं. आपण उतावीळपणें देवाचा अंत पाहिला, हा आपला अन्याय झाला, असें म्हणून ते स्वतःसच दोष देतात. रामेश्वरभट्ट पुढें त्यांचेच भक्त झाले.

1650 च्या सुमारास तुकोबा गेले. 1685 सालीं त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनीं पालखी सुरू केली. 1869 सालीं सरकारच्या मदतीनें गाथा मुंबईस छापली गेली, तींत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतले कित्येक कोणा श्रोत्यासाठीं नव्हे, तर आपल्याच मनाला सांगण्यासाठीं म्हटलेले आहेत. दरवर्षीं आषाढीपूर्वीं एके सायंकाळीं लोणीच्या रस्त्यावर तेच अभंग म्हणत हजारों माणसें चालत येतात.